खोडावरचा पिवळा थर: लायकेन आहे का, कसं ओळखायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं गेलात तर आंब्या-फणसाची जुनी खोडं जरा थांबून बघा की. पिवळं, केशरी काय काय दिसतं आणि आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणून मोकळे होतो. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात ते, मसाल्यातलं दगडफूल पण त्यातलंच.

आधी केशरी बाजूला काढा. गंजासारखा केशरी, मखमली थर असला तर बहुतेक ते ट्रेन्टेपोलिया, म्हणजे नुसतं शैवाल, गट हिरव्या शैवालांचा पण कॅरोटीनमुळं रंग केशरी. आणि वटपौर्णिमेनंतर वडाचं खोड बघताय तर ती हळद नाही ना बघा, हसू नका, फोटोत खरंच फसायला होतं.

आता पिवळाधमक थर. बोट हळूच लावायचं. पावडर बोटाला लागली, पाकळ्या-कडा काहीच नाही, तर क्रायसोथ्रिक्स नावाचं लायकेन असायची शक्यता जास्त. हे सापडतं कुठं तर जिथं पाऊस थेट लागत नाही तिथं, कारण ही पावडर पाण्यानं सहज भिजतच नाही, हवेतल्या दमटपणावर भागवते. आपल्याकडं पावसाचा मारा नैऋत्येकडनं, म्हणून खोडाची उलटी बाजू, सालीच्या भेगा आणि झुकलेल्या खोडाचं खालचं अंग आधी बघायचं. मला विचाराल तर रंगापेक्षा ही जागाच जास्त सांगून जाते.

पावडर नाही, पण एक मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक पाकळ्या दिसतात, कडेला पिवळे कण, तर कॅन्डेलारिया हे लायकेन धरून बघा. याला धुळीतनं, शेणामुतातनं मिळणारा नायट्रोजन चालतो, त्यामुळं रस्त्याकडेची, गोठ्याजवळची झाडं. ओलं झालं की रंग हिरवट होतो, म्हणून साल वाळलेली असताना बघा, दिवाळीनंतर बरं पडतं.

दहा पट लेन्स पुरे, घड्याळवाले वापरतात तसली. कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेल तर सरांना विचारून थरावर बारीकसा थेंब टाका, लगेच जांभळट लाल झालं तर कॅलोप्लाका, लेट्रोइटिया असल्या लायकेन मंडळीतलं, कॅन्डेलारिया तसं होत नाही. हातमोजे घालाच, कातडी भाजते त्यानं.

प्रजातीपर्यंत नाव नुसत्या फोटोवरनं ठोकू नका. झाड कुठलं, खोडाची कुठली बाजू, जमिनीपासनं किती उंच हे लिहून ठेवा आणि फोटोत शेजारी नाणं धरा. खरवडायचं नाही, झाडाला त्याचा त्रास नसतो आणि वाढ फार हळू असते. भीमगड अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच काढायचं नाही.