नवा एसएमपीएस बसवला आणि पीसी हूं की चूं करेना? या चुका टाळा

जुना एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीला पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) गेला. नवा आणला, चार स्क्रू आवळले, केबल खोचल्या, बटण दाबलं आणि काहीच नाही. अशा वेळी पहिला राग निघतो तो दुकानदारावर. ‘खराब पीस माथी मारला मेल्याने.’ घरच्यांचे, सोसायटीतल्यांचे पीसी उघडून बसायची मला जुनी खोड आहे. त्यात नवा एसएमपीएस खरोखरच खराब निघाल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेक वेळा घोळ आपल्या हातांनी घातलेला असतो. काहीतरी खोचायचं राहिलेलं असतं, काहीतरी हलतं किंवा भलतीकडे जातं. म्हणून कॅबिनेटमध्ये आपला हात कुठे कुठे गेला होता ते आठवायचं आणि तिथूनच शोध सुरू करायचा.

त्याआधी एक गोष्ट. प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी भिंतीवरची पिन काढा आणि मग कॅबिनेटचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ तिथेच टिकून राहतात.

बटण दाबलं, पण पंखाही हलत नाही

एसएमपीएसच्या मागे एक छोटा स्विच असतो, त्यावर उभी रेघ आणि गोल. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हसू नका, तासभर कॅबिनेट उलटंपालटं केल्यावर हा स्विच बंदच असल्याचं मला दोनदा सापडलंय, आणि त्यातला एक पीसी माझाच होता.

स्वस्त किंवा जुन्या डब्यावर मागे आणखी एक लाल सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून प्लग लावला तर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं, कपॅसिटरना ते झेपत नाही आणि फाट् असा आवाज येतो. अमेरिकेतल्या भावाने येताना आणलेला जुना पीसी असेल तर हा स्विच पिन लावायच्या आधीच बघा. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या एसएमपीएसना हा स्विच नसतो, कारण ते १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपलं आपण जुळवून घेतात.

मग मदरबोर्डात (पुढे नुसता ‘बोर्ड’) जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर. तो बऱ्याचदा २० अधिक ४ अशा दोन तुकड्यांत येतो. दोन्ही तुकडे एकत्र जुळवून धरायचे आणि लॉकचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायचे. नव्या कनेक्टरला जोर लागतो आणि बोर्ड वाकताना दिसला की लोक घाबरून अर्ध्यावर सोडतात. खालून बोटांचा आधार द्या आणि सरळ दाबा.

आता भिंतीवरची पिन लावा आणि बघा की बोर्डावरचा छोटा दिवा लागतोय का. पीसी बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट देत असतो. दिवा लागला म्हणजे भिंतीपासून बोर्डापर्यंत वीज पोचली, अडचण त्याच्या पुढे आहे. पुढे म्हणजे बहुधा कॅबिनेटच्या बटणाच्या दोन बारीक वायरींमध्ये. जाड केबल ओढताना त्या हमखास निसटतात. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या ज्या दोन पिनांशेजारी ‘PWR SW’ (पॉवर स्विच) असं काहीतरी बारीक छापलेलं असतं, त्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवा (एवढ्या एका तपासणीला भिंतीवरची पिन लावलेली हवी). पीसी सुरू झाला तर एसएमपीएस निर्दोष, दोष वायरीचा किंवा बटणाचा.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्रोसेसरची स्वतंत्र केबल राहून गेलेली असणं. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनांचं एक सॉकेट असतं. चोवीस पिना लावल्या की काम झालं असं वाटतं, पण त्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसर मात्र उपाशीच राहतो. खाली बसवलेल्या एसएमपीएसची ही केबल बोर्डाच्या मागून फिरवून वर आणावी लागते, तिथे हात पोचत नाही, म्हणून ‘नंतर लावू’ म्हणता म्हणता ती राहून जाते.

इथे आणखी एक गंडवणारी गोष्ट आहे. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड (वीज परतायची वायर) यांच्या जागा नेमक्या उलट असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत, त्यामुळे ती सहजासहजी जात नाही. पण दुकानात असो की घरी, जोर लावणारे महाभाग असतातच. सोपी खूण अशी की प्रोसेसरची केबल ४ अधिक ४ अशी फुटते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. केबलीवर नाव छापलेलं असेल तर तेही वाचा.

कार्डाची केबल राहिली असेल तर काही कार्डं स्क्रीनवरच तसा निरोप देतात, काही गप्प बसतात. मॉनिटरची केबलही बघा. सगळं काढून परत लावताना ती कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात जाते, आणि प्रोसेसर इंटेलचा, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला असेल तर त्यात ग्राफिक्सच नसल्यामुळे स्क्रीन काळीच राहणार. हे सगळं ठीक असेल तर रॅम काढा, सोनेरी पट्टीवरून खोडरबर फिरवा, पुसा आणि पुन्हा बसवा. एसएमपीएसचा जड डबा ओढताना हाताचा धक्का लागून रॅम सैल झाल्याचं बरेचदा दिसतं.

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पीसीचा एसएमपीएस बदलला. जुना मॉड्युलर होता, म्हणजे केबल डब्यापासून सुट्या होणाऱ्या, आणि नवाही तसाच, फक्त कंपनी वेगळी. जुन्या केबल बोर्डामागे टाय लावून इतक्या नीटस बांधल्या होत्या की त्या उकलायचं जिवावर आलं. म्हटलं, या राहू देत, फक्त डब्याकडचं टोक नव्या डब्यात लावू. लावलं. ‘टक्’ही झालं. बटण दाबलं, दोन सेकंदांत जळका वास आला आणि सगळं बंद.

झालं असं की केबलच्या डिस्ककडच्या टोकाचं प्रमाण ठरलेलं आहे, कुठल्या पिनेवर ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनेवर १२, ते जगभर एकच. डब्याकडच्या टोकाला मात्र असं काही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीची रचना आपापली, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही जुळत नाही. भोकाचा आकार जुळतो म्हणून केबल बसते, आणि जिथे ५ व्होल्ट जायला हवेत तिथे १२ जातात. माझी एसएसडी तिथल्या तिथे गेली. हार्ड डिस्कच्या बोर्डावर अशा वेळी स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा एक छोटा डायोड असतो. दुरुस्तीवाल्याने तो काढला आणि मुलीचे लहानपणचे फोटो परत मिळाले. त्याने घेतलेल्या पैशांत आणखी एक एसएमपीएस आला असता. दुकानदाराला बोल लावायला जागाच नव्हती, नव्या डब्याच्या पुस्तिकेत ‘फक्त सोबतच्याच केबल वापरा’ असं स्पष्ट लिहिलं होतं.

त्यातून एक कामाची गोष्ट कळली. तो जळका डायोड शॉर्ट झाला होता, त्यामुळे ती एक डिस्क जोडलेली असेपर्यंत एसएमपीएस स्वतःला वाचवायला लगेच बंद होत होता आणि पूर्ण पीसीच मेलाय असं वाटत होतं. तेव्हा तुमचा पीसी सेकंदभर सुरू होऊन बंद पडत असेल तर सगळ्या डिस्क, पुढच्या यूएसबीच्या वायरी आणि जादाचे पंखे काढा. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी एवढ्यावर चालवून बघा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड ठेवा. मग एकेक वस्तू परत जोडत जा, आणि दर वेळी पिन काढूनच.

कंपनीचा तयार पीसी असेल तर

ऑफिसातून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे सेकंडहँड पीसी आपल्याकडे घरोघरी दिसतात. त्यांपैकी अनेकांत २४ पिनांचं सॉकेटच नसतं. ६, ८, १० किंवा १४ पिनांचं काहीतरी असतं. डब्याचा आकारही बऱ्याचदा वेगळा. नेमक्या मॉडेलचा एसएमपीएस घ्या किंवा त्याच मॉडेलसाठी बनलेला अडॅप्टर घ्या. ‘बसतोय ना’ यावर इथे अजिबात विसंबू नका. १९९०च्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही पीसींचा कनेक्टर दिसायला हुबेहूब प्रमाण २० पिनांचा होता, आतली वायरिंग मात्र वेगळी. बाजारातला साधा एसएमपीएस त्याला लावला की बोर्ड उडायचा.

‘नवीन लावल्यापासून शॉक लागतोय’

ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि दोष जातो नव्या डब्याला. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यांतला किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असल्याने फक्त मुंग्या येतात. जुन्या स्वस्त डब्यात हे फिल्टरच बसवलेलं नसेल, तर आधी काही जाणवत नव्हतं याचंही कोडं सुटतं. वाडे, जुन्या चाळी, आणि तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेले प्लग, असा सगळा हा मामला आहे. पायात रबरी चप्पल घालून बसणं हा उपाय नव्हे. वायरमनला बोलवा आणि अर्थिंग करून घ्या. आणि मुंग्यांऐवजी जोरदार झटका बसत असेल तर पीसी लगेच बंद करा, ते प्रकरण वेगळं आहे.

यूपीएसचंही असंच. वीज गेली की आधी पीसी चालू राहायचा, आता पटकन बंद पडतो. बहुतेक घरगुती यूपीएस बॅटरीवर गेल्यावर भिंतीतल्यासारखी गुळगुळीत (साइन) लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, हेही हिशेबात धरा.

सुरू झाला, पण विंडोज येत नाही

तारीख भलतीच दाखवतोय? मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो कदाचित दोन वर्षांपूर्वीच संपला असेल, पण प्लग लावलेला असेपर्यंत जांभळ्या वायरीतली ती स्टँडबाय वीज त्याचं काम करत होती. तुम्ही तासभर पिन काढून ठेवलीत आणि बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंगं पुसली गेली. मग डिस्कचा मोड किंवा बूटचा क्रम (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) बदलतो आणि विंडोज निळी स्क्रीन दाखवतं. सेल बदला, जुनी सेटिंगं परत लावा, विंडोज नव्याने टाकायची घाई करू नका. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का, ते काम सुरू करायच्या आधीच बघून ठेवलेलं बरं.

एवढं करूनही संशय उरला तर

सगळ्या केबल बोर्डापासून आणि डिस्कपासून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर यांच्या खाचांत वाकवलेली पेपर क्लिप घाला. हे भिंतीवरची पिन काढलेली असताना. मग पिन लावून मागचा स्विच सुरू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. न फिरला तरी लगेच निकाल देऊ नका, काही मॉडेलचे पंखे भार कमी असताना मुद्दाम थांबलेले असतात. मल्टिमीटरचं एक टोक काळ्या वायरीला लावा आणि दुसऱ्याने बघा: पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, केशरीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट. हल्ली बऱ्याचदा सगळ्या वायरी काळ्याच येतात. तशा असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, बाजारात एसएमपीएस तपासायचा तयार टेस्टर मिळतो.

आकडे या हद्दीबाहेर गेले, किंवा मीटरवर काहीच आलं नाही, तर मात्र खोका, बिल आणि सगळ्या सुट्या केबल घेऊन दुकान गाठा. टेस्टर सोबत असेल तर काउंटरवरच लावून दाखवा. ‘साहेब, तुमच्या बोर्डातच काहीतरी असेल’ हे वाक्य मग ऐकावं लागत नाही.