पद्मिनीचा व्हॉल्व्ह गेलाय असं वाटतंय? हेड उतरवण्याआधी या चुका टाळा

खंडाळ्याचा घाट चढताना आमच्या १९८६ च्या पद्मिनीनं दम सोडला. दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी वर आली. लोणावळ्यात चहाला थांबलो तेव्हा आयडलिंगला गाडी लंगडत होती, एका ठरावीक तालात. पुढच्या महिन्याभरात तीन गॅरेजं झाली. पहिल्यानं प्लग आणि पॉइंट बदलले, दुसऱ्यानं कार्ब्युरेटरचा किट टाकला, तिसऱ्यानं गेज न लावताच सांगितलं, ‘बोअर करून पूर्ण इंजिन काम करावं लागेल.’ शेवटी टॅक्सीच्या कामात आयुष्य काढलेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टॅपेट कव्हर काढलं, फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या संचाची) सर्वांत पातळ पाती तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांडीखाली, घालून पाहिली. ती आत गेलीच नाही. निदान तिथंच सुरू झालं, आणि त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

असे मिस्त्री आता शोधावे लागतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या, आणि त्यांच्यावर हात बसलेली माणसंही विखुरली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही १०८९ सीसीची गाडी सांभाळायची असेल, तर निदानापुरतं तरी मालकाला स्वतःला कळायला हवं. ते अवघड नाही. चुका बहुतेक घाईच्या असतात.

टॅपेट शांत झाले म्हणून समाधान मानणे

पुश रॉडच्या इंजिनात टॅपेट थोडे वाजणारच. गाडी वर्षानुवर्षं टिकटिकत होती आणि हल्ली गुळगुळीत चालते, असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला काळजी वाटते. आमच्या मिस्त्रींचे शब्द होते, ‘वाजतोय तोवर व्हॉल्व्ह बसतोय.’

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. इंजिन ३००० आरपीएमला फिरतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यावरून जळता वायू जातो. ती उष्णता बाहेर पडायचा मुख्य मार्ग म्हणजे मिटलेल्या अवस्थेत सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याला, होणारा स्पर्श, उरलेली दांड्यातून गाईडकडे (दांडा सरकतो त्या नळीकडे) जाते. सीट आणि व्हॉल्व्हची कडा झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) वर सरकतो, दांडा रॉकरच्या जवळ येतो आणि दोघांमधला गॅप कमी होतो. आवाज बंद होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, सीटला टेकत नाही, थंड होत नाही. मग कडेच्या एका जागेतून वायू निसटायला लागतो आणि तिथला धातू जळत जातो. आमचा व्हॉल्व्ह काढला तेव्हा कडेला करवतीनं कापल्यासारखी खाच होती.

म्हणून आवाज वाढला तर गॅप तपासा, कमी झाला तर त्याच दिवशी तपासा. सेटिंग करताना मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा आहे की गरम, ते आधी पाहा. गरम इंजिनावर थंडचा आकडा लावला की पुढचं सगळं चुकतं. क्रम सोपा आहे: फायरिंग १-३-४-२, म्हणजे जोड्या १ व ४ आणि २ व ३. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे दोन्ही सेट करायचे. असंच उरलेल्यांचं. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर सपाट पाती त्याच्यावरून पूल बांधल्यासारखी बसते, गॅप बरोबर दिसतो आणि आवाज मात्र राहतो. बोटानं चाचपून पाहिलं की तो खड्डा कळतो.

गॅप न बघता कॉम्प्रेशन मोजणे

ही चूक चांगल्या गॅरेजमध्येही होते. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह जरासा उघडा असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमीच दाखवणार, आणि निष्पाप हेड खाली उतरणार. आधी आठही गॅप मोजून वहीत लिहा, मग सेट करा, मग गेज लावा. सेट केल्यावर आकडा सुधारला तर तुम्ही वेळेत पोचलात.

मोजायचीही पद्धत आहे. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सुटी, बॅटरी भरलेली, आणि कुणीतरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेले आकडे टाकून द्या, इंजिनाला हवाच मिळालेली नसते. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा ठोके द्या.

आमचे आकडे होते १२५, १२०, ७० आणि १२५ पीएसआय. नुसत्या आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा असतो. चारही सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन दमलंय, पण एकटाच असा खाली असेल तर तिथं काहीतरी फाटलंय, जळलंय किंवा अडकलंय. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर हेड गॅस्केटचा संशय आधी घ्यायचा.

एका चाचणीवर निकाल देणे

‘तिसऱ्यात कॉम्प्रेशन नाही, रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या’ हे वाक्य मी दोनदा ऐकलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल घातलं आणि परत मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं फट भरून आकडा चांगलाच चढला असता. तो ७० वरून ७५ वर गेला. म्हणजे गळती वरून होती.

वरून म्हणजे नेमकी कुठून, हे हवा सांगते. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत ना ते रॉकर हलवून पाहा, आणि प्लगच्या भोकात ॲडॅप्टर लावून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. दाब कमीच ठेवा. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक घट्ट, चाकांना दगड, आणि हात पंख्यापासून लांब, कारण हवेच्या धक्क्यानं इंजिन फिरू शकतं. मग फक्त ऐका. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑईल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेडची चीर. आमच्याकडे सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवा चक्क जाणवत होती.

कॉम्प्रेसर नसेल तर आयडलिंगला सायलेन्सरच्या टोकाशी वर्तमानपत्राची पट्टी धरा. ती एकसारखी बाहेर उडायला हवी. मध्येच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संशय पक्का धरून पुढची तपासणी करा. हा निकाल नव्हे, साधं मिसिंगही पट्टीला झटके देतं.

व्हॅक्यूम गेज (इनटेकमधली ओढ मोजणारं मीटर) असेल तर उत्तमच. धडधाकट इंजिन मुंबईत आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. पुण्यात तेच इंजिन दोनेक इंच कमी दाखवेल, कारण उंची वाढली की दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. तो बिघाड समजू नका. आकड्यापेक्षा काटा पाहा: ठरावीक अंतरानं खाली झटका म्हणजे जळलेला किंवा न बसणारा व्हॉल्व्ह, आयडलिंगला थरथर आणि रेस दिल्यावर स्थिर म्हणजे सैल गाईड, रेसबरोबर वाढत जाणारी डोलणी म्हणजे दमलेल्या स्प्रिंगा.

आणि हो, या सगळ्याआधी कंडेन्सर, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप, प्लगच्या वायरींचा क्रम आणि कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग तपासलेलं असावं. तिथला बिघाड हुबेहूब व्हॉल्व्हसारखा वागतो.

निळा धूर म्हणजे रिंगा, असं धरून चालणे

कसाऱ्याचा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, इंजिनात ओढ तयार होते आणि झिजलेल्या गाईडमधून तेल आत खेचलं जातं. खाली येऊन रेस दिली की मागे निळा ढग. सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपका येऊन थांबणं हीही त्याचीच खूण. चढावर, जोर लावताना सतत धूर येत असेल तर मात्र रिंगांकडे बघा. या एका फरकावर हजारो रुपयांचं बोअरिंग वाचू शकतं.

वर्षभर उभी असलेली गाडी थेट सेल्फवर फिरवणे

जुन्या पेट्रोलचा चिकट थर आणि पावसाळ्याचा गंज मिळून व्हॉल्व्ह गाईडमध्ये धरून ठेवतात. सेल्फ मारला की पुश रॉड वाकतो, कधी व्हॉल्व्हच. प्लग काढून थोडं तेल सोडा, रात्रभर थांबा, मग इंजिन हातानं फिरवा आणि कव्हर काढून आठही रॉकर खाली-वर होतात का ते डोळ्यांनी पाहा.

हेड उतरवल्यावर अर्धंच काम करणे

आता हेड उतरवायला हरकत नाही, पण थंड इंजिनावरच. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना बोल्ट सोडले तर वाकतं. बोल्ट बाहेरून आत सोडायचे, बसवताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आणि टॉर्क पान्यानं. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवा.

जळलेला व्हॉल्व्ह पेस्टनं घासून परत बसवू नका. खाच पेस्टनं जात नाही आणि कडा पातळ झालेला व्हॉल्व्ह लवकरच पुन्हा जळतो. सैल गाईडमध्ये नवा व्हॉल्व्ह टाकणं तितकंच वाईट, तो डुलत बसतो आणि सीटला एका बाजूनंच टेकतो. आम्ही तिसऱ्याचा गाईडही बदलला, सीट लेथवाल्याकडून कापून घेतली, आणि बसवण्याआधी हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरलं. पोर्टमध्ये थेंबही उतरला नाही तेव्हाच पुढे गेलो.

सीटांच्या बाबतीत ॲम्बेसेडरवाल्यांची गोष्ट वेगळी. जुन्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड बिडाचं आणि सीट त्यातच कापलेली. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं तिला राखत होतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं, त्यामुळे लांब पल्ल्याला दामटलेल्या गाडीत सीट हळूहळू खाली बसते आणि गॅप मिटत जातो. हेड उघडलंच असेल तर एक्झॉस्टला कडक सीट रिंगा बसवून घ्या. पद्मिनीत सीट रिंगा मुळातच स्वतंत्र बसवलेल्या असतात, पण इंजिन फार तापलं तर त्या सैल होतात.

तापण्याचं कारण बहुधा आपणच तयार केलेलं असतं. बोअरवेलच्या पाण्यानं वॉटर जॅकेटमध्ये क्षार साचतात. टायमिंग मागे राहिलं (ठिणगी उशिरा पडायला लागली), पेट्रोल-हवेचं मिश्रण कोरडं झालं (पेट्रोल कमी पडलं), की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात आधी भाजतो. हे न सुधारता नुसता व्हॉल्व्ह बदलला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच घाट आणि तीच लंगडी.

बसवल्यावर पहिल्यांदा गरम होऊन थंड झालं की, आणि पुन्हा सुमारे पाचशे किलोमीटरनंतर, मॅन्युअल आणि गॅस्केटच्या सूचनेप्रमाणे बोल्ट तपासून टॅपेट परत सेट करा. गॅस्केट दबतं, गॅप बदलतो. आमच्या वहीत त्या दिवशीचे आकडे आहेत: १२५, १२५, १२०, १२५. तिसऱ्याचा गॅप मी अजूनही दर पाच हजार किलोमीटरला सगळ्यात आधी मोजतो.