जुळे सोलापुरात मोठं घर बघताय? आधी हौदाचं झाकण उघडायला सांगा

विजापूर रोड, सैफुल, आसरा, होटगी रोड असे बंगले बघत फिरणाऱ्या मोठ्या फॅमिलीसाठी लिहितोय, म्हणजे घरात आजी-आजोबा, दोन भाऊ, पोरं धरून सात-आठ माणसं आहेत असं. एजंट आधी हॉल दाखवणार, पीओपी, मॉड्युलर किचन, वरची बाल्कनी. ते नंतर बघू की, पळून जात नाही.

उजनी काठोकाठ भरलं तरी आपल्याकडं नळ रोज येत नाही, हे सोलापूरकरांना काय सांगायचं. त्यामुळं टेप घेऊन जायचं आणि हौद आतून मोजायचा. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, आठ माणसं आणि पाणी पाच दिवसांनी येतं असं धरलं तर 5400 लिटर झालं, एक घनफूट म्हणजे 28 लिटरच्या थोडं वर, म्हणजे 6 बाय 6 बाय 6 चा हौद असला तर सहा हजार बसतं आणि कसंबसं भागतं, त्यात गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले तर टँकरच. पाणी किती दिवसाला सुटतं, रात्री मोटार लावायला उठावं लागतं का, हे मालकाला विचारू नका, तो गोडच बोलणार. शेजारच्या वैनींना विचारा, आणि गल्लीच्या टोकाचं घर असेल तर दोनदा विचारा, कारण लाइनच्या शेवटी प्रेशर मरतं. बोअर आहे म्हणाले तर मे महिन्यात चालतो का ते विचारा, बाथरूमच्या नळावर पांढरा थर दिसला की पाणी जड आहे समजायचं, गिझर लवकर जातो.

उन्हाचं म्हणाल तर सकाळी दहाला घर बघणं फुकट आहे, सगळीच घरं गार वाटतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला जा, वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंत रात्री ती उष्णता खोलीत सोडतात, तिथं आजोबांना झोपवणार का ते ठरवा. त्या बाजूला कडुनिंब असेल तर मी दोन पैसे जास्त देईन.

खाली काळी माती असली तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा बघा, नवीन रंग फक्त तेवढ्याच भिंतीला दिलाय का तेपण बघा. कंपाउंड वॉल कलली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

ड्रेनेज लाइन आहे का सेप्टिक टँक, तेही विचारायचं, हा सगळा हद्दवाढीचा भाग आहे, सगळीकडं सारखं नाही. पावसात एक चक्कर मारली तर रस्त्याचंपण कळतं.

कागदं वकिलाकडंच द्या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर, बांधकाम परवाना, 30 वर्षांचा सर्च म्हणजे मालकी कुणाकुणाची होती त्याचा शोध, आणि वडिलोपार्जित असेल तर सगळ्या बहिणींच्या सह्या, हे राहिलं की पुढं कोर्ट. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला निघाला तर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली रेग्युलर केल्याचं प्रमाणपत्र मागा, "होऊन जातंय ओ" म्हणाले तर बयाणा देऊ नका, आधी बँकेत जाऊन त्याच कागदावर लोन मिळतं का विचारून या.