खाणीचा शेअर घेताय? आधी लायसन्सचा सातबारा बघा

सोनं-तांबं वर गेलं की ग्रुपवर लगेच कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या कुठल्यातरी छोट्या एक्सप्लोरेशन कंपनीचं (म्हणजे अजून खनिज शोधतच असलेल्या कंपनीचं) नाव फिरायला लागतं आणि सगळे तुटून पडतात ड्रिलिंगच्या आकड्यांवर, इतक्या मीटरला इतके ग्रॅम वगैरे. बघा ते पण, फक्त नंतर. चालू खाणीकडे निदान विकायला माल तरी असतो. एक्सप्लोरेशनवाल्याकडे असतात बँकेतले थोडे पैसे आणि सरकारने दिलेला एक कागद. तो कागद म्हणजे त्याचा सातबारा, आणि जमीन घेताना आपण पहिलं काय मागतो ते सांगायला नको.

तर पहिलं काम, कागद नेमका कशाचा आहे ते वाचा. शोध घ्यायचा परवाना वेगळा आणि खणायचा पट्टा वेगळा. पहिला हातात असला की दुसरा मिळतोच असं सगळीकडे नसतं. आपल्याकडचंच बघा ना, आधी ज्याने शोधलं त्याचा पट्ट्यावर पहिला हक्क असायचा, 2015 मध्ये कायदा बदलून लिलाव आले, जुने अर्ज एका कलमाखाली तगून होते तेही 2021 च्या दुरुस्तीने उडवले. डेक्कन गोल्ड माइन्सचा हावेरी जिल्ह्यातला गणजूरचा प्रोजेक्ट त्यातच अडकला. सोनं जमिनीत होतं तिथेच आहे, हक्काचं गणित बदललं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांना वाटतं की राजकीय रिस्क म्हणजे सरकारने खाण ताब्यात घेणं. तसं होतं कधीकधी, पण छोट्या कंपनीला मारतो तो उशीर. समजा कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत, भाव 20 रुपये, तुमच्याकडे 10 लाख शेअर म्हणजे 1 टक्का. निवडणूक आली, नवीन मंत्री म्हणाला सगळी लायसन्स परत तपासणार, बस एवढंच, रद्द काहीच केलं नाही. भाव 6 वर. पण ऑफिस, जिओलॉजिस्ट, वकील यांचा वर्षाचा 30 कोटी खर्च चालूच, आणि कमाई शून्य, मग 6 च्या भावाने 5 कोटी नवे शेअर काढावे लागतात. पुढच्या वर्षीही निर्णय नाही, भाव 4, अजून साडेसात कोटी शेअर. एकूण झाले साडेबावीस कोटी आणि तुमचा 1 टक्का आला 0.44 वर. नंतर परवानगी मिळाली आणि कंपनीची किंमत परत जुन्या 200 कोटींवर गेली तरी तुमचा शेअर 9 रुपयांच्या आतच. म्हणून ताळेबंदात शिल्लक रोकड बघा, तिला वर्षाच्या खर्चाने भागा, आणि येणारं उत्तर पुढच्या निवडणुकीच्या पलीकडे जातंय का ते तपासा. जात नसेल तर मी तरी हात लावत नाही, ग्रेड (दगडात धातू किती ते) कितीही भारी असो.

तिसरं, जुने कोर्टाचे निकाल शोधा. पनामाचं उदाहरण घ्या. फर्स्ट क्वांटम या कॅनडाच्या कंपनीची कोब्रे पनामा ही जगातलं साधारण 1 टक्का तांबं काढणारी खाण. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारशी नवीन करार झाला, लोक रस्त्यावर उतरले, 28 नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने करार घटनाबाह्य ठरवला, खाण बंद, शेअर निम्म्याहून जास्त पडला. सगळे म्हणाले अचानक झालं. अचानक कसलं, आधीचा करार त्याच कोर्टाने 2017 मध्येच घटनाबाह्य ठरवला होता! आणि या गडबडीत संसदेने नवीन मेटल मायनिंग परवान्यांवर पण बंदी घातली, म्हणजे ज्यांचा त्या कराराशी काही संबंध नव्हता त्यांचीही दारं बंद. गोव्यातही 2012 ला खाणी थांबल्याच होत्या, तरी फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा लोकांना धक्का बसला.

सरकारला पैशांची गरज किती आहे तेही बघा, विशेषतः सोन्याचा भाव चढलेला असताना. मालीमध्ये लष्करी सरकारने 2023 ला नवीन मायनिंग कोड आणला, सरकार आणि स्थानिक गुंतवणूकदार मिळून 35 टक्क्यांपर्यंत हिस्सा घेऊ शकतात. नोव्हेंबर 2024 मध्ये बोलणी करायला गेलेल्या रेझोल्यूट मायनिंगच्या सीईओलाच तिथे अडकवून ठेवलं आणि कंपनी 16 कोटी डॉलर द्यायला तयार झाली. रेझोल्यूटकडे चालू खाण होती म्हणून एवढे पैसे उभे तरी राहिले.

पैसे किती टाकायचे? एका देशात एकच कंपनी, आणि सगळे गेले तरी झोप उडणार नाही एवढेच. फ्रेझर इन्स्टिट्यूट या कॅनडातल्या संस्थेच्या खाणकामावरच्या वार्षिक सर्व्हेत देशांची क्रमवारी असते, सुरुवातीला चाळणी म्हणून ठीक आहे, पण तो इंडस्ट्रीतल्या लोकांच्या मतांवर चालतो.

आणि शेअर पडल्यावर कोणी म्हणालं की घे, कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात जाणार आहे, भरपाई मिळेल, तर क्रिस्टॅलेक्स ही कॅनडाची सोन्याच्या खाणीवाली कंपनी सर्च करा. व्हेनेझुएलाने 2011 मध्ये करार मोडला, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरी संरक्षणात गेली, 2016 मध्ये तब्बल 1.2 अब्ज डॉलरची केस जिंकली, तरी वसुलीसाठी पुढे अमेरिकेतल्या कोर्टात वर्षानुवर्षं सिटगोच्या (व्हेनेझुएलाच्या मालकीच्या तिथल्या तेल कंपनीच्या) मागे फिरत राहिली. अशा वसुलीत आधी नंबर केसला पैसे पुरवणाऱ्यांचा आणि कर्ज देणाऱ्यांचा, शेअरवाले सगळ्यात शेवटी.