छोटी ईव्ही, मोठी रेंज आणि पाच माणसं : घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

‘एका चार्जला किती जाते?’ या प्रश्नावर ईव्हीची चौकशी सुरू होते आणि बहुतेक घरांत तिथेच संपते. चारशेच्या पुढचा आकडा ऐकला की बाकीचं सगळं बसेलच असं गृहीत धरलं जातं. गाडी दारात आली की रोजच्या धावपळीत रेंजचा विषयही निघत नाही. कुरकुर सुरू होते ती मागच्या सीटवरून, डिकीवरून आणि पार्किंगमधल्या प्लगवरून. चार मीटरच्या आतली, मोठ्या बॅटरीची ईव्ही बऱ्याच घरांना छान चालते, काहींना अजिबात चालत नाही. आपलं घर कुठल्या गटात आहे हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

ब्रोशरचा आकडा हायवेवर नेऊ नका

जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या टाटा पंच ईव्हीच्या ३५ किलोवॅट-अवर बॅटरीवर कंपनीने ४२१ किलोमीटरचा आकडा दिला होता. हा आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक चाचणीतून येतो आणि त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या पुढे जातच नाही. आपण मात्र पाच माणसं, भरलेली डिकी, एसी दोनवर आणि काटा शंभरला, असे निघतो.

त्यापेक्षा युनिटमध्ये हिशोब करा, सोपा जातो. एक किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट. या आकाराची गाडी शहरात एका युनिटला सात-आठ किलोमीटर देते, हायवेवर ऐंशी-नव्वदने सहा-साडेसहा, आणि एकशेदहाने हाकली तर पाचच्या आसपास. म्हणजे ३५ युनिटची बॅटरी हायवेवर साधारण सव्वादोनशे. त्यातले शेवटचे पंधरा टक्के वापरायचे नाहीत असं ठरवलं तर हातात १८० ते १९० किलोमीटर उरतात. पुणे-कोल्हापूर सुमारे २३० आहे. तेव्हा साताऱ्याला किंवा कराडला एकदा थांबायचंच, तेही वाटेत नाश्ता करतानाच चार्जिंग होईल असं आधी ठरवून. असा एक थांबा ज्यांना चालतो त्यांच्यासाठी रेंजचा विषय इथेच संपला.

वेगाचा फटका लोकांना खरा वाटत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, शंभरवरून एकशेवीसला गेलात की आणखी ४४ टक्के. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून छोट्या ईव्हीने १२० धरायचं, तर चार्जर शोधत बसायची तयारी ठेवा. नव्वदने जाणारा अनेकदा आधी पोहोचतो, कारण तो एक थांबा कमी घेतो.

उलट, ट्रॅफिक जॅमला लोक उगाचच घाबरतात. खंडाळ्याच्या घाटात तीन तास अडकलात आणि एसी चालू ठेवला तरी तासाला एक-दीड युनिट, म्हणजे एकूण तीन-चार युनिट जातील. ३५ युनिटांपैकी दहा-बारा टक्के. इंजिन घुरघुरत ठेवून जळालेलं पेट्रोल आपण कधी मोजत नाही, एवढाच फरक.

घाटाचंही तसंच. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण ढोबळमानाने साडेपाचशे मीटर धरा. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला सपाटीपेक्षा तीनेक युनिट जास्त लागतात. टक्के भराभर उतरताना दिसले की गाडीत शांतता पसरते. उतरताना त्यातले काही परत मिळतात. पण इथे एक चूक हमखास होते : महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून शंभर टक्के करायची आणि सकाळी पसरणीचा घाट उतरायला घ्यायचा. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे रिजन (वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरणारं ब्रेकिंग) जवळपास चालत नाही आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. वरून निघताना ऐंशी-पंचाऐंशी टक्के पुरे.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवरा-बायको जातात, शेजारी सेल्समन बसतो, रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं फेरी होते, गाडी सुळकन पळते आणि बुकिंग होतं. मागे कोणी बसलेलंच नसतं.

पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यावर बांधलेल्या बऱ्याच छोट्या ईव्हींत बॅटरी फ्लोअरखाली असल्यामुळे मागचा फ्लोअर थोडा वर येतो. सीट मात्र तेवढी वर जात नाही. परिणामी गुडघे उंच राहतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. तरुण माणसाला वीस मिनिटांत काही जाणवत नाही. गुडघेदुखी असलेल्या आईंना किंवा सासूबाईंना तासाभरात जाणवतं, आणि मग ‘तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येते’ सुरू होतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला सगळं बिऱ्हाड न्या. आजीला मागे बसवा, मधल्या सीटवर घरातला सगळ्यात आडदांड माणूस बसवा, मुलाची चाइल्ड सीट असेल तर ती लावून बघा. अर्धा तास तरी गाडी खड्ड्यांतून फिरू द्या. बॅटरीच्या वजनामुळे सस्पेन्शन कडक असतं आणि ते मागच्यांनाच कळतं.

डिकीचे लिटर पाठ करण्यापेक्षा घरातल्या दोन मोठ्या बॅगा उचलून शोरूममध्ये न्या. पंच ईव्हीची डिकी ३६६ लिटर, टियागो ईव्हीची २४०, आणि एमजी कॉमेट चार सीटची. मागच्या सीट उभ्या असल्या की तिच्यात डिकी जवळपास नाहीच. मुंबईहून गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी तर परतीचं सामान मोजायचं असतं. जाताना कपड्यांच्या बॅगा आणि आरासीचं सामान. येताना त्याच बॅगा, शिवाय तांदळाची गोणी, नारळ, कोकम आगळाच्या बाटल्या, आणि शेजारच्या काकूंनी ‘एवढं दादरला देशील ना’ म्हणत ठेवलेली पिशवी. मग कोणीतरी टपावर कॅरिअर लावायचं सुचवतं. लावू नका. टपावरचं सामान हवा अडवतं आणि छोट्या ईव्हीची रेंज तिथेच ढासळते. टपावर किती वजन चालतं हेही मॅन्युअलमध्ये पाहिलेलं नसतं. सीएनजीवाल्यांची डिकी सिलिंडरने खाल्लेली असते हे मात्र मान्य करायला हवं. त्या तुलनेत ईव्ही बरी.

घरात नियमित फिरणारी माणसं सहा असतील तर विषय सोडून द्या. पाच सीटच्या गाडीत सहावं माणूस मांडीवर घेऊन हायवेला जायचं आणि सुरक्षेच्या पाच स्टारच्या गप्पा मारायच्या, यात काही अर्थ नाही. एखादी चांगली वापरलेली सात सीटर घ्या.

रात्रीचा प्लग आधी, गाडी नंतर

आपल्या नावच्या पार्किंगमध्ये, आपल्या मीटरवरून प्लग येत नसेल, तर छोटी ईव्ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘जवळच फास्ट चार्जर आहे’ ही पळवाट दोन महिन्यांत कंटाळवाणी होते. बाहेर युनिटचा दर घरापेक्षा बराच जास्त, वर १८ टक्के जीएसटी, आणि दर आठवड्याला तासभर तिथे ताटकळायचं.

सोसायटीत बुकिंगनंतर नव्हे, आधी कमिटीला लेखी अर्ज द्या. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार याचं हाताने काढलेलं साधं चित्र जोडा, खर्च आपला असं लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘हो हो, बघू’ म्हणणारे सेक्रेटरी केबल ओढायच्या दिवशी आगीची भीती काढतात.

चार्जर केवढा हवा? लोक उगाच मोठा घेतात. साध्या १५-१६ अँपिअरच्या प्लगवरून तासाला तीनेक युनिट जातात. रिकामी बॅटरी भरायला बारा-तेरा तास लागतील हे खरं, पण रोज रिकामी करतंय कोण? रोजच्या पन्नास किलोमीटरला सात युनिट पुरतात, ते अडीच तासांत भरतात. ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर पूर्ण बॅटरी पाच-सहा तासांत भरतो. तो रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्यांना उपयोगी. त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो, ते आधी बघा. आणि स्लॅब विसरू नका. घराची दीडशे युनिटं आणि गाडीची दोनशे झाली की तीनशेच्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो. ‘किलोमीटरला रुपया’ सांगणारे हा हिशोब करत नाहीत.

गावच्या घरी चार्ज होत नसेल तर

शहरात रोज बिनतक्रार चालणारा पोर्टेबल चार्जर गावी गेल्यावर लाल दिवा दाखवून बसतो. बहुतेक वेळा कारण अर्थिंगच असतं. चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर वीज सोडतच नाही. बिघाड म्हणायचा नाही याला, शहाणपणा आहे. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्याच्या मागे अर्थची वायर कुठे जोडलेलीच नसते. जोडलेली असली तर अंगणातला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडाठाक पडलेला असतो. त्यात दोन बादल्या पाणी ओता, तासाभराने पुन्हा लावून बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. तरी लाल असेल तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-चार व्होल्टच्या आत असायला हवा. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असले तरी काही चार्जर अडून बसतात. ती दुरुस्ती पाच मिनिटांची.

काही जण अर्थ नसल्यावर अर्थची पिन न्यूट्रलला जोडून चार्जरला फसवतात. पुढेमागे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. ओल्या अंगणात, अनवाणी पोरं खेळत असताना. हे कोणी सुचवलं तर त्याला सॉकेटला हात लावू देऊ नका.

मिक्सर-इस्त्रीचा एक्स्टेन्शन बोर्डही नको. सलग दहा तास जड करंट घेण्यासाठी तो बनवलेलाच नसतो, आधी पिन काळी पडते, मग प्लॅस्टिक वितळतं. दरवर्षी जात असाल तर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून एक धड सॉकेट काढून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतो, म्हणून जेवणं झाल्यावर लावा. गाडीत किंवा चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर तो कमी ठेवा. आणि गणपतीत लाइट जाते हे गृहीत धरून पहिल्याच रात्री गाडी भरून घ्या, परतीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

जुन्या सवलतींवर हिशोब करू नका

ईव्हीच्या नव्या कर्जाला आयकराच्या ८० ईईबी कलमाची व्याजवजावट मिळत नाही. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती ती होती. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि ईव्हीवर तो ५ टक्केच राहिला, त्यामुळे किमतींतला फरक बदलला आहे. त्याआधीचे तुलनेचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरला पाच रुपये वाचतात आणि गाडी अडीच लाखांनी महाग आहे असं धरलं, तर पन्नास हजार किलोमीटरनंतर फायदा सुरू. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी दहा वर्षं लागतील.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. तरी फास्टॅगचे मेसेज तपासत राहा. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी इथे मात्र टोल भरायचाच.

रस्त्यात अडलात तर

फास्ट चार्जर सुरूच होत नसेल तर आधी त्याच्यावरचं लाल इमर्जन्सी बटण बघा. कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं. फिरवलं की वर येतं. गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, जड असते, स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते आणि संपर्क तुटतो. सुरुवातीचा अर्धा मिनिट ती हाताने सरळ धरून ठेवा. एकाच मशीनला दोन गाड्या लागल्या तर पॉवर वाटली जाते, आणि आपली गाडी जेवढी घेऊ शकते त्याहून मोठ्या चार्जरवर लावून काही मिळत नाही. ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तेव्हा काढा आणि निघा. निघण्याआधीच दोन-तीन अ‍ॅप टाकून त्यांच्या वॉलेटमध्ये पैसे ठेवा. घाटात नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघण्यापेक्षा ते बरं.

टक्के अचानक दहावरून तीनवर आले अशी तक्रार असेल तर बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का बघा. या प्रकारात व्होल्टेज जवळपास सपाट राहत असल्याने गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अधूनमधून घरच्या चार्जरवर शंभर टक्के भरा, आकडा ताळ्यावर येतो.

गाडी चार्ज असूनही चालूच होत नसेल, स्क्रीन काळी असेल, तर बहुधा साधी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते. महिनाभर गाडी न हलवता ठेवली की हे होतं. मॅन्युअल वाचून जंप स्टार्ट करता येतो. आणि टोइंगची वेळ आलीच, तर मोटर ज्या चाकांना जोडलेली असते (बहुतेक छोट्या ईव्हींत पुढच्या, कॉमेटमध्ये मागच्या) ती जमिनीवर ठेवून ईव्ही ओढायची नसते, मोटरचं नुकसान होतं. फ्लॅटबेडच हवी, हे फोनवरच दोनदा बजावून सांगा, नाहीतर तासाभराने हुक लटकवत क्रेन येते.