सोळा माणसं, एक घर: मोठ्या कुटुंबासाठी कोकणात स्वस्तात राहायची सोय कशी लावावी

आमच्याकडे सहलीची सुरुवात घरच्या ग्रुपवर होते. कोणीतरी लिहितं, "या वेळी सगळे मिळून कोकणात जाऊ या." पाच मिनिटांत पंधरा अंगठे पडतात. मग राहायचं कुठे हे बघायचं काम एकाच्याच गळ्यात येतं आणि गेली काही वर्षं तो गळा माझा आहे.

पहिल्या दोन-तीन सहलींत मी हॉटेलांशी घासाघीस करत बसले. खोलीमागे शंभर-दोनशे सुटायचे, वर पोरांसाठी जादा गाद्यांचे पैसे लागायचेच. हॉटेल खोली दोन माणसांची धरतं आणि तिसऱ्याला पाहुणा समजतं, म्हणून तिथे आपलं गणित कधी बसत नाही. गुहागर, वेळणेश्वर, आंजर्ले, दिवेआगर या पट्ट्यात घरगुती सोय करणारे लोक मात्र पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे वाडीतलं घर असतं, ओटी असते, माजघर असतं. आपण तिथे खोल्या न मागता घर मागायचं.

पायरी १: आधी कागद करा

फोन हातात घेण्याआधी कागदावर माणसं लिहून काढा. नुसतं "सोळा जण" लिहून भागत नाही. आमचा मागच्या खेपेचा कागद असा होता: सासूबाई-सासरे (सासूबाईंचे गुडघे, जिना नको), तीन जोडपी, आत्या आणि त्यांचे यजमान (ते घोरतात, वेगळी खोली), कॉलेजातली दोन मुलं, शाळेतली तीन, दोन वर्षांचं एक बाळ. मासे खाणारे नऊ, न खाणारे सहा, बाळाला मऊ भात.

हा कागद समोर असला की किती खोल्या खरोखर लागतात ते कळतं. आमच्या सोळांना चार पुरल्या. तिन्ही नणंदा-भावजया पोरींना घेऊन माजघरात झोपल्या, कारण त्यांना तसंही रात्री दोनपर्यंत गप्पाच मारायच्या होत्या. त्यांचे नवरे वरच्या एका खोलीत.

पायरी २: तारीख आधी, गाव नंतर

बहुतेक लोक गाव आधी ठरवतात आणि नाताळच्या आठवड्यात जागा शोधतात. नाताळ ते ३१ डिसेंबर, दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि सव्वीस जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार, एवढं टाळता आलं तर निम्मी लढाई जिंकलात. गौरी-गणपतीत तर विचारूच नका, त्या दिवसांत चाकरमानी घरी आलेले असतात आणि घरं त्यांच्याच माणसांनी भरलेली असतात.

जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर मला सगळ्यात बरा वाटतो. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे गर्दी कमी असते, हवा बरी असते आणि आठवड्याच्या मधल्या वारी घरवाले भाव कमी करायला तयार असतात. पावसाळ्यात दर उतरतात हे खरं, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताज्या सुरमईच्या आशेनं येणाऱ्या नऊ जणांना हे आधी सांगून ठेवा.

पायरी ३: कुठे कुठे विचारायचं

सगळ्यात आधी आपल्याच माणसांत. घरात कोणी बँकेतून किंवा विमा कंपनीतून निवृत्त झालं असेल तर त्यांच्या संस्थेची हॉलिडे होम आहेत का ते विचारा. बऱ्याच संस्थांत निवृत्तांनाही ती मिळतात आणि भाडं ऐकून हसू येतं. खोल्या मोजक्या असतात, त्यामुळे सोळांना एकदम मिळणं कठीण. पण सहा जण तिथे आणि दहा जण शेजारच्या घरात, असं आम्ही एकदा केलं आहे.

देवस्थानाच्या गावी भक्तनिवास असतो. देवदर्शन हाच मुख्य बेत असेल तर यासारखी स्वस्त आणि स्वच्छ सोय दुसरी नाही. नियम कडक असतात, प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, खोलीत किती माणसं हे ठरलेलं असतं आणि रात्री उशिरापर्यंत पत्ते कुटता येत नाहीत. एक सावधगिरी: भक्तनिवासाच्या नावानं खोट्या वेबसाइट काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. संस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच बुकिंग करा.

एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासस्थानं गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर, वेळणेश्वर इथे अगदी मोक्याच्या जागी आहेत. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेली घरगुती ठिकाणंही बघण्यासारखी असतात. गावातली मंगल कार्यालयंही विसरू नका. लग्नाची तिथी नसेल तेव्हा काही कार्यालयं खोल्या आणि गाद्या देतात, आणि सोळा माणसांच्या आंघोळीची सोय तिथे मुळातच केलेली असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांना काही वेगळं दाखवायचं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्या दिवसांत गावातली घरंच पाहुण्यांना ठेवून घेतात, जेवणखाणासकट, माणशी दरानं.

गाव निवडताना नकाशा नीट बघा. दापोलीजवळचं मुरूड वेगळं आणि जंजिऱ्याचं मुरूड वेगळं. एक रत्नागिरी जिल्ह्यात, दुसरं रायगडात. आमच्या एका मेहुण्यांनी एकात घर ठरवलं आणि गाडीवाल्याला दुसरं सांगितलं. पुढे काय झालं ते अजून प्रत्येक लग्नात सांगितलं जातं.

पायरी ४: फोन

ॲपवर फोटो बघा, पण सोळा माणसांचा सौदा ॲपवर होत नाही. तिथे मोठं घर "व्हिला" होतं आणि व्हिला म्हटलं की दर चढतो. नकाशावर गावाचं नाव टाकून "घरगुती निवास" शोधा, तिथले नंबर घ्या आणि दुपारी तीन-साडेतीनला फोन करा. सकाळी घरातल्या बाईंचे हात पोह्यांत असतात आणि संध्याकाळी त्या पाहुण्यांच्या ताटांत अडकलेल्या असतात.

माझं बोलणं साधारण असं होतं:

"काकू नमस्कार. आम्ही सोळा जण आहोत, त्यात एक दोन वर्षांचं बाळ. मंगळवार-बुधवार, दोन रात्री. अख्खं घर मिळेल का?"

"अख्खं म्हणजे वरच्या तीन खोल्या नि खालची एक. माजघरात पाच-सहा गाद्या घालता येतील."

"खालच्या खोलीला लागून कमोड आहे का? आमच्या सासूबाईंना जिना चढवत नाही."

"आहे की. आणखी एक वर, नि एक मागीलदारी."

इथे थांबून मी मोजते. सोळांना तीन न्हाणीघरं, म्हणजे सकाळी रांग लागणार, पण चालण्यासारखं आहे. दोनच असती तर मी घर सोडलं असतं, भाडं कितीही कमी असो. मग पुढचे प्रश्न. गरम पाणी गीझरचं, सोलरचं की बंबाचं? (बंब उत्तम, तो संपत नाही.) वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात की नुसते दिवे? टेम्पो ट्रॅव्हलर अंगणापर्यंत येतो की पायऱ्यांची पाखाडी उतरून सामान वाहायचं? नारळी-पोफळीच्या वाड्यांमधले रस्ते फोटोत फार सुंदर दिसतात आणि सतरा सीटची गाडी त्यात अडकते. सकाळी दहालाच पोचलो तर निदान एक खोली उघडाल का? आणि घरात मासे चालतात का? अनेक घरांत चालत नाहीत, बाहेरून आणलेलेही. तो त्यांचा नियम आहे, त्यावर वाद घालू नये. गावात दुसरीकडे खानावळ कुठे आहे तेवढं विचारून घ्यावं.

दर सगळ्यात शेवटी विचारा आणि दोन्ही तऱ्हांनी विचारा: "माणशी किती, आणि घराचं उक्तं किती?" या एका प्रश्नानं माझे आजवर सगळ्यात जास्त पैसे वाचले आहेत.

पायरी ५: हिशोब मांडा

आकडे आमच्या वहीतले आहेत, तुमच्या गावी आणि तुमच्या तारखेला वेगळे असतील. हॉटेलात पाच खोल्या अडीच हजारांनी म्हणजे १२,५०० आणि पाच जादा गाद्या पाचशेनं २,५००, एकूण १५,००० रात्रीला. घरात माणशी ७०० दरानं पंधरा जणांचे १०,५०० आणि बाळ फुकट. उक्तं मागितलं तेव्हा काकू १०,००० वर आल्या.

राहण्यात एवढे वाचवले म्हणून खूश होऊ नका, कारण खरा खर्च ताटात असतो. न्याहारी ८० आणि दोन वेळची ताटं अडीचशेनं धरली तर माणशी ५८०. पंधरा जणांचे दिवसाला ८,७०० झाले, म्हणजे जवळजवळ घराच्या भाड्याएवढेच. शाळकरी पोरांना अर्धं ताट मिळेल का विचारा. दुपारी फिरायला बाहेरच असाल तर ते जेवण घरी सांगू नका. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी नग मोजून सांगा, आणि मोदक ताटात धरलेत की वेगळे, हेही. आम्ही एकदा बत्तीस मोदकांचं वेगळं बिल दिलं आहे. मोदक अप्रतिम होते म्हणून कोणी काही बोललं नाही.

हॉटेलच घेणार असाल तर दर जीएसटी धरून सांगितलाय का ते विचारा. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. कोणी जुन्याच दरानं बिल करत असेल तर हे लक्षात असू द्या.

पायरी ६: पैसे पाठवण्याआधी

घराचा व्हिडिओ कॉल मागा. खरे घरवाले फोन घेऊन थेट मागीलदारापर्यंत हिंडवून आणतात. "आधी पूर्ण पैसे टाका, जागा जाईल" अशी घाई करणारा असेल तर फोन ठेवा. चतुर्थांश रक्कम आगाऊ पुरते, बाकी पोचल्यावर. तारीख, माणसं, खोल्या, दर, ताटाचा भाव आणि रद्द झाल्यास किती परत, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून "हो" घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

आपल्याकडूनही एक पथ्य पाळा. सोळा सांगून एकोणीस जण उतरू नका. काकूंनी भात सोळांचा लावलेला असतो. आमच्याकडे ऐनवेळी कोणाची तरी मैत्रीण नाहीतर मावसभाऊ निघतोच, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एकदा फोन करून आकडा पक्का कळवते. त्याच फोनवर आमसुलं, कोकम आगळ आणि कुळथाचं पीठ किती हवं तेही सांगून टाकते. गाडीत डिकीची एक बाजू परतीसाठी रिकामी ठेवा.