सगळे ग्राफ हिरवे आणि तरी युझरची तक्रार? मग हे करून बघा

सीपीयू ठीक, मेमरी ठीक, सर्व्हिस चालू, आणि तरी लोक म्हणतात पेमेंट अडकतंय, असं होत असेल तर तुमच्याकडे मॉनिटरिंग आहे पण ऑब्झर्व्हेबिलिटी नाहीये. काय बिघडू शकतं हे आधीच ठाऊक असतं त्यावर नजर ठेवणं म्हणजे मॉनिटरिंग. आणि आधी कधी डोक्यातच न आलेल्या प्रश्नाचं उत्तर नवा कोड न टाकता सिस्टीमकडून काढता आलं तर ती ऑब्झर्व्हेबिलिटी.

सुरुवातीला चारच मेट्रिक्स (मोजायचे आकडे) घ्या, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ), ट्रॅफिक (किती रिक्वेस्ट येतात), एरर आणि सॅच्युरेशन (सिस्टीम किती भरली आहे). प्रोमिथियस या टूलने गोळा करा, ग्राफाना या डॅशबोर्ड टूलमध्ये बघा. पण लेटन्सीची नुसती सरासरी लावू नका प्लीज! समजा 100 रिक्वेस्टपैकी 98 ना 50 मिलिसेकंद लागले आणि 2 ना 5 सेकंद, तर सरासरी येते 149 मिलिसेकंद, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं सगळं मस्त चाललंय, आणि ते दोघं मात्र ताटकळत बसलेत. पी99 (99 टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा) लावलं की 5 सेकंद लगेच डोळ्यात भरतात.

अजून एक, मेट्रिकच्या लेबलमध्ये (आकड्याला जोडलेल्या खुणेत) युझर आयडी कधीच टाकू नका. लेबलच्या प्रत्येक वेगळ्या व्हॅल्यूला वेगळी टाइम सिरीज (वेळेनुसार नोंदलेल्या आकड्यांची मालिका) बनते, म्हणून 500 टाइम सिरीज असतील आणि युझर 1 लाख, तर आकडा 5 कोटींपर्यंत जाऊ शकतो आणि प्रोमिथियसची मेमरी संपते. युझर आयडीची जागा लॉग (घडामोडींची नोंद) किंवा ट्रेसमध्ये (एका रिक्वेस्टचा सर्व्हिसेसमधला पूर्ण प्रवास).

लॉग जेसन (JSON) या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये लिहा आणि प्रत्येक ओळीत ट्रेस आयडी (त्या रिक्वेस्टचा ओळख क्रमांक) हवाच, माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो. ओपनटेलिमेट्री (ट्रेस, मेट्रिक्स गोळा करायचं ओपन सोर्स साधन) लावलं की हा आयडी रिक्वेस्टसोबतच्या ट्रेसपेरेंट (traceparent) नावाच्या हेडरमधून एका सर्व्हिसकडून दुसरीकडे जातो, मग एक स्लो रिक्वेस्ट उघडायची आणि बघायचं, 3 सेकंदांतले 2.8 नुसते डेटाबेस कनेक्शन मिळायची वाट बघण्यात गेले, म्हणजे क्वेरी नाही, कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) तपासायचा. मधे मेसेज क्यू (सर्व्हिसेसमधली निरोपांची रांग) असेल तर तिथे ट्रेस तुटत नाही ना हे मुद्दाम तपासा, बऱ्याचदा तिथेच तुटतो.

अलर्ट मात्र युझरला त्रास होतो त्यावरच लावा. सीपीयू 90 टक्के झाला म्हणून रात्री कुणाला उठवू नका. 99.9 टक्के वेळ सर्व्हिस चालू राहण्याचं टार्गेट असेल तर 30 दिवसांत साधारण 43 मिनिटं बंद राहायची मुभा मिळते, ती झपाट्याने संपायला लागली की फोन वाजू द्या, बाकीचं सकाळी बघता येतं.